पहिले चार तास इंग्रजी : यिर्कलाच्या शाळेचं प्रकरण

१४ ऑक्टोबर २००८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरीच्या शिक्षणमंत्री मॅरियन स्क्रिमजर यांनी एक निर्णय जाहीर केला. पुढच्या वर्षापासून सरकारी शाळांत दिवसाचे पहिले चार तास फक्त इंग्रजीतून शिकवायचं. कागदावर हा नियम सगळ्याच शाळांना होता. डार्विन या टेरिटरीच्या राजधानीतल्या शाळांना त्याने काहीच फरक पडणार नव्हता, तिथे इंग्रजीच चालत होती. फरक पडणार होता तो नऊ शाळांना. या शाळांत आदिवासी मुलं आधी स्वतःच्या भाषेत वाचायला-लिहायला शिकत आणि मग टप्प्याटप्प्याने इंग्रजीकडे वळत.

यिर्कला हे त्यातलंच एक गाव. तिथली शाळा हा हुकूम आल्यावर कशी वागली, तिला तसं वागता का आलं आणि इतर काही शाळांना का आलं नाही, याची ही नोंद आहे. शिक्षक, पालक आणि मुलांची नावं घेतलेली नाहीत. नावं आहेत ती फक्त सार्वजनिक जीवनात असलेल्या व्यक्तींची.

पार्श्वभूमी

यिर्कला हे उत्तर ऑस्ट्रेलियात, अर्न्हेम लँडच्या ईशान्य टोकाला समुद्रकाठी वसलेलं गाव. इथले लोक योल्ङू. १९३५ मध्ये मेथडिस्ट मिशन इथे आलं आणि आजूबाजूची तेरा-एक कुळं हळूहळू एका ठिकाणी राहायला लागली. प्रत्येक कुळाची स्वतःची जमीन, स्वतःची गाणी आणि स्वतःची बोली आहे. या सगळ्या बोलींना मिळून योल्ङू माथा म्हणतात. बोलणारे एकूण काही हजार.

या गावाचा सरकारशी लिहून बोलण्याचा इतिहास जुना आहे. १९६३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीसाठी त्यांची जमीन न विचारता देण्याचं ठरलं, तेव्हा योल्ङू वडीलधाऱ्यांनी कॅनबेराच्या संसदेला अर्ज पाठवले. झाडाच्या सालीवर भोवतीने कुळांची चित्रं, मधोमध टंकलिखित मजकूर, आणि तो मजकूर गुमाच (इथल्याच एका कुळाची बोली) आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. म्हणजे द्विभाषिक शिक्षण हा शब्द सरकारी कागदात येण्याच्या दहा वर्षं आधीच या लोकांनी आपला सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज दोन भाषांत लिहिला होता. खाण व्हायची ती झालीच. न्यायालयातला दावाही १९७१ मध्ये ते हरले. सुमारे १८ किलोमीटरवर नुलुनबाय नावाचं खाणकामगारांचं शहर उभं राहिलं. काही कुटुंबं दारू आणि गोंगाटापासून लांब, आपापल्या कुळाच्या जमिनीवर परत राहायला गेली.

डिसेंबर १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात पंतप्रधान व्हिटलम यांचं सरकार आलं आणि काही दिवसांतच नॉर्दर्न टेरिटरीत आदिवासी भाषांतून शिक्षण सुरू करण्याची घोषणा झाली. १९७३ पासून शाळा सुरू होत गेल्या, पुढे त्यांची संख्या वीसच्या वर गेली. रचना पायऱ्यांची होती. पहिल्या वर्षी बहुतेक शिकवणं मुलाच्या भाषेत आणि थोडं तोंडी इंग्रजी. दर वर्षी इंग्रजीचा वाटा वाढत जाऊन चौथीच्या सुमारास दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्या. वाचणं म्हणजे काय हे मूल एकदाच शिकतं आणि ते समजणाऱ्या भाषेत शिकलं तर दुसऱ्या भाषेत नेता येतं, हा त्यामागचा विचार.

गावाने इथे तीन निर्णय घेतले आणि पुढचं सगळं त्यांवर उभं राहिलं, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिला निर्णय, पुस्तकात कोणती बोली घ्यायची. सुरुवातीला गुमाच घेतली. गुमाच प्रतिष्ठेची, तिचं लिखाणही झालेलं. पण मिशनच्या काळात एकत्र वाढलेली मुलं आपसांत वेगळंच बोलत होती. कुळांच्या बोली मिसळून आणि सोप्या होऊन धुवाया नावाची एक नवी बोली तयार झाली होती. मोठ्यांच्या मते ती लहान मुलांची बोली, शाळेत लिहून शिकवण्याच्या लायकीची नव्हे. शिक्षक मात्र रोज बघत होते की मूल वाचतं गुमाच आणि विचार धुवायात करतं. बराच वाद झाला. अखेर पहिल्या वर्षांचं वाचन-लेखन धुवायात आणि वरच्या वर्गांत कुळांच्या बोलींची ओळख अशी सोय झाली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. प्रमाण मराठी आणि घरची बोली यांच्यात आपल्या किती पोरांची पहिली-दुसरी वाया जाते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्याचं वजन लगेच कळेल. शिवाय हा वाद गावाने घातला आणि गावाने मिटवला. वरून आलेल्या परिपत्रकाने तो मिटला असता, तर मोठ्यांनी धुवायातली पुस्तकं घरात येऊ दिली असती का, मला शंका आहे.

दुसरा निर्णय, शिकवणार कोण. दुर्गम भागातल्या शाळांत शिक्षक म्हणजे शहरातून आलेला गोरा माणूस, ज्याला योल्ङू बलांडा म्हणतात, आणि स्थानिक बाई त्याची मदतनीस. बलांडा वर्ष-दोन वर्षांत बदलून जातो, मदतनीस वीस-वीस वर्षं तिथेच असते आणि तरी मदतनीसच राहते. यिर्कलाने हे उलटं करायचं ठरवलं. बॅचलर नावाच्या गावातल्या आदिवासी शिक्षक महाविद्यालयाने गावातच शिकवण्याचा मार्ग काढला होता. प्रशिक्षणार्थी आपल्या शाळेत काम करत शिकत, प्राध्यापक गावात येत. नंतर डीकिन विद्यापीठाने पुढची पदवी त्याच पद्धतीने दिली. मंडावुय युनुपिंगू याच वाटेने १९८८ मध्ये पदवीधर झाले, अर्न्हेम लँडमधून विद्यापीठाची पदवी घेणारे पहिले आदिवासी. १९९० मध्ये ते आपल्याच गावच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. जगाला ते योथू यिंदी या बँडचे गायक म्हणून माहीत आहेत, १९९२ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा मानही त्यांना मिळाला. पण ज्या योल्ङू शिक्षिका त्यांच्याबरोबर शिकल्या आणि पुढची तीस वर्षं वर्गात उभ्या राहिल्या, त्यांच्यामुळे ही शाळा टिकली असं माझं मत आहे.

तिसरा निर्णय, शिकवायचं काय. इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं भाषांतर करून हाती देणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. शाळेच्या कारभारासाठी वडीलधारे आणि योल्ङू शिक्षक यांची मंडळं होती. त्यांनी अभ्यासक्रमाच्या मुळाशी आपली एक कल्पना ठेवली, गान्मा. डोंगराकडून येणारं गोडं पाणी आणि समुद्राकडून येणारं खारं पाणी खाडीत मिळतं. दोन्ही आपापल्या जागी जोरकस असतील तरच ती खाडी जिवंत राहते.

ही कल्पना वर्गात कशी उतरली ते गणितात दिसतं. योल्ङू मुलाला शाळेत यायच्या आधी एक मोठी रचना येत असते, गुरुटु, म्हणजे नात्यांची व्यवस्था. अख्खं योल्ङू जग दोन अर्ध्यांत वाटलेलं आहे, धुवा आणि यिरिचा. माणसं, जमिनी, प्राणी, वारे, सगळंच. लग्न नेहमी दुसऱ्या अर्ध्यात होतं आणि मूल वडिलांच्या अर्ध्यातलं असतं. आई धुवा, तर मूल यिरिचा. त्या घरच्या मुलीचं मूल पुन्हा धुवा. म्हणजे आईची आई आणि मुलीचं मूल एकाच बाजूला येतात, आणि त्यांच्यातलं नातं सगळ्यात भक्कम मानलं जातं. सहा-सात वर्षांचं पोर कधी न भेटलेल्या माणसाला काय म्हणायचं हे दोन पायऱ्यांत काढतं. नियम थोडे, पण ते पुन्हा पुन्हा लावले की पसारा कितीही वाढवता येतो. दहाच अंकांतून हवी तेवढी मोठी संख्या लिहिता येते ती याच तत्त्वावर. गर्मा गणित या नावाने तयार झालेल्या अभ्यासक्रमात गुरुटु आणि संख्या एकमेकींशेजारी ठेवून शिकवल्या गेल्या. तसंच जमिनीवरच्या पूर्वजांच्या वाटा आणि नकाशातली दिशा-अंतरं. कासवाची अंडी पाच-पाचच्या गठ्ठ्याने मोजायची रीत तर घरचीच. एका गठ्ठ्याला रुलु म्हणतात, दोन रुलु म्हणजे दहा. त्यावरून पाचाचा पाढा शिकवायला वेगळी खटपट लागत नाही.

शाळेच्या आवारात छापखानावजा एक केंद्र होतं. तिथे गावातले लोक गोष्टी सांगत, चित्रं काढत आणि छोटी वाचनपुस्तकं तयार होत. ही पुस्तकं दुसरीकडे कुठे विकत मिळणार नव्हती, ती तिथेच व्हायला हवी होती.

अडचण

१९७८ मध्ये टेरिटरीला स्वतःचं सरकार मिळालं आणि शिक्षण कॅनबेराकडून डार्विनकडे आलं. डिसेंबर १९९८ मध्ये त्या सरकारने द्विभाषिक कार्यक्रम टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. मोठा विरोध झाला, चौकशी बसली, आणि कार्यक्रम 'दुतर्फी शिक्षण' असं नाव घेऊन वाचला. २००५ मध्ये नव्या सरकारने त्याला पुन्हा अधिकृत पाठिंबा दिला. या घालमेलीत शाळांची संख्या मात्र घसरत गेली. एखादा भाषातज्ज्ञ बदलून गेला की ती जागा भरायची नाही, छपाई केंद्राला पैसे द्यायचे नाहीत, एवढ्यानेही कार्यक्रम बंद पडतो. त्यासाठी वेगळा हुकूम लागत नाही.

मे २००८ मध्ये देशभर पहिल्यांदाच एकसारखी परीक्षा झाली, नॅपलान. तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या सगळ्या मुलांना तोच पेपर, इंग्रजीत. टेरिटरीच्या दुर्गम शाळांचे निकाल फार वाईट आले. पाच महिन्यांत चार तासांचा नियम आला.

सरकारची काळजी खोटी नव्हती, हे आधी नोंदवतो. मुलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. दवाखान्यातला कागद, पोलिसांची नोटीस, नोकरीचा अर्ज, सगळं इंग्रजीत. मंत्रीबाई स्वतः आदिवासी, टिवी बेटांच्या वंशातल्या. आदिवासी मुलांना मागे ठेवावं अशी त्यांची इच्छा होती असं म्हणणं अन्यायाचं होईल.

पण निदान चुकलं होतं, आणि ते तीन ठिकाणी चुकलं.

एक, परीक्षा मुलाला गाठते तिसरीत, आणि पायऱ्यांच्या रचनेत इंग्रजी वाचन नेटाने सुरू होतं ते तिसरी-चौथीच्या सुमारास. म्हणजे जे अजून शिकवलेलंच नाही ते तपासून शिकवण्याची पद्धत वाईट ठरवली गेली. मुलाला धुवायात काय वाचता येतं, हे कुठल्याही सरकारी तक्त्यात नव्हतं.

दोन, विधिमंडळात द्विभाषिक आणि इतर शाळांच्या गुणांची तुलना मांडली गेली. भाषाशिक्षणाचे अभ्यासक ब्रायन डेव्हलिन यांनी तिची छाननी करून दाखवलं की तेवढ्या आधारावर तो निष्कर्ष काढता येत नाही. फक्त इंग्रजीतून शिकवणाऱ्या दुर्गम शाळांचे निकालही तितकेच खालचे होते. मग दोष मातृभाषेचा कसा?

तीन, मुलाच्या कानांकडे कुणी बघितलं नाही. दुर्गम वस्त्यांतल्या आदिवासी मुलांत मधल्या कानाचा जंतुसंसर्ग फार मोठ्या प्रमाणात असतो, त्यामुळे पहिल्या काही वर्षांत ऐकू कमी येतं. योल्ङू माथात आपल्या ट, ड, ण, ळ यांच्यासारखे मूर्धन्य उच्चार आहेत, ङ आहे, दंत्य आणि तालव्य वेगळे आहेत. पण स, श, फ, ह असे घर्षण असलेले उच्चार नाहीत. इंग्रजी तर त्यांनी भरलेली. अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत नसलेले उच्चार, न समजणाऱ्या वाक्यांतून, सकाळच्या ताज्या वेळेत सलग चार तास ऐकवायचे. वर्गात एकदा उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, काय होतं ते. मूल गप्प होतं, आणि मग यायचं थांबतं. मातृभाषेला उरत होता दुपारच्या उकाड्यातला दीड-एक तास.

समोरचे पर्याय

अशा शाळेपुढे तेव्हा चार वाटा होत्या.

हुकूम पाळणं ही पहिली. शाळा सरकारी, पगार सरकारी. मध्य ऑस्ट्रेलियातल्या लाजामानू या वार्लपिरी आदिवासींच्या गावात असंच झालं. तिथे इंग्रजीचे तास वाढले, वार्लपिरी शिक्षिकांचं काम आक्रसलं आणि मुलांची हजेरी घसरली. तिथल्या लोकांना हे हवं होतं असं नाही. त्यांनी उघड नाराजी मांडली. पण निर्णयाच्या खुर्चीत तेव्हा गावाचं माणूस नव्हतं.

दुसरी वाट, नाव इंग्रजीचं आणि काम आपलं. वेळापत्रकात इंग्रजी लिहायचं आणि वर्गात योल्ङू बोलायचं. अनेक देशांतले शिक्षक हे मुकाट करत आले आहेत आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्याने पुस्तकं छापली जात नाहीत आणि नवे शिक्षक तयार होत नाहीत. तो शिक्षक बदलून गेला की सगळं संपतं.

तिसरी, सरकारी व्यवस्थेतून बाहेर पडून स्वतंत्र शाळा. याचं उदाहरण टेरिटरीतच होतं. ॲलिस स्प्रिंग्जच्या वस्त्यांमधल्या आदिवासी पालकांनी १९७८ मध्ये यिपिरिन्या शाळेसाठी मंडळ स्थापन केलं. झाडाखाली वर्ग भरवले, अरंटा, लुरिचा, वार्लपिरी अशा भाषांत शिकवलं. सरकारने नोंदणी नाकारली, पालक न्यायालयात गेले आणि १९८३ मध्ये नोंदणी मिळाली. तिकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात तर पिलबारा भागातल्या आदिवासी मजुरांच्या १९४६ च्या संपातून उभ्या राहिलेल्या लोकांनी १९७६ मध्येच स्ट्रेली इथे न्यांगुमार्ता भाषेची स्वतःची शाळा काढली होती. यिर्कलासाठी मात्र ही वाट महाग होती. इमारत, शिक्षकांची घरं, पगार, निवृत्तिवेतन, सगळं खात्याचं. तीस वर्षं घडवलेल्या शिक्षिकांना नोकरी सोडून या म्हणणं सोपं नव्हतं.

चौथी, व्यवस्थेत राहून उघडपणे आपलं चालू ठेवणं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिच्यापुढेही मान्यतेचा प्रश्न उभा राहिला. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं स्पष्ट लिहिलंय. तरीही गावाने ते स्वतः करायला घेतलं की पहिला प्रश्न परवानगीचाच विचारला जातो.

काय केलं

यिर्कलाने चौथी वाट धरली. लहान वर्गांचा योल्ङू माथातला कार्यक्रम चालू ठेवला. गावाने, वडीलधाऱ्यांनी आणि योल्ङू शिक्षिकांनी तो थांबवणार नाही असं जाहीरपणे सांगितलं. शिक्षिकांच्या सहीने सरकारला लिहिलं गेलं. याल्मे युनुपिंगू यांच्यासारख्या ज्येष्ठ शिक्षिका नोकरी धोक्यात घालून बोलल्या. त्या सरकारी कर्मचारी होत्या, हे विसरू नये.

निर्णयाचा खरा क्षण माझ्या मते हाच, आणि तो नीट पाहिला पाहिजे. खात्याचा हुकूम मोडायला मुख्याध्यापकाचं धाडस पुरत नाही, मुख्याध्यापक बदलता येतो. यिर्कलात बदलायचं कुणाला? वर्गातल्या बाया गावच्या, पात्रता असलेल्या, कायम नोकरीतल्या. पुस्तकं गावात छापलेली. शाळेच्या मंडळात कुळांचे वडीलधारे. या सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं की डार्विनमधल्या अधिकाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. १९७० आणि ८० च्या दशकांतले ते तीन निर्णय २००८ मध्ये असे कामी आले.

बाहेरूनही साथ मिळाली. भाषाशास्त्रज्ञांनी आकडेवारी तपासली. आदिवासी अभ्यासाच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये हा कार्यक्रम मोडण्यावर टीका करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि कॅनबेरात परिसंवाद घेतला. मानवी हक्क आयोगाचे सामाजिक न्याय आयुक्त टॉम काल्मा यांनी आपल्या अहवालात या धोरणावर बोट ठेवलं. २०१२ मध्ये संघीय संसदेच्या एका समितीने आदिवासी भाषांवरच्या अहवालात द्विभाषिक शिक्षणाची बाजू घेतली. तोवर टेरिटरीत चार तासांचा नियम मागे पडला होता.

निष्पत्ती

शाळा आज यिर्कला बायलिंग्वल स्कूल या नावाने चालू आहे. २०२० च्या अखेरीस यिर्कला आणि लायन्हापुय भागातल्या वस्त्यांमधून आठ विद्यार्थी विद्यापीठ प्रवेशाला लागणारे गुण मिळवून बारावी झाले. या शाळांतून असे गुण मिळवणारे ते पहिलेच. याल्मे युनुपिंगू चाळीसेक वर्षं शिकवून निवृत्त झाल्या आणि २०२४ मध्ये ज्येष्ठांमधल्या 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' ठरल्या. ज्या कामासाठी एकेकाळी त्यांना सरकारशी भांडावं लागलं, त्याच कामाचा तो सन्मान होता.

यावरून सगळं सुरळीत झालं असं समजू नये. आठ विद्यार्थी हा आनंदाचा आकडा आहे, पण आठच. दुर्गम भागात हजेरीचा प्रश्न अजून आहे. २०१५ पासून टेरिटरीने शाळांना पटाऐवजी प्रत्यक्ष हजेरीच्या हिशेबाने पैसे द्यायला सुरुवात केली. ज्या शाळांत मुलं अनियमित, त्यांचाच पैसा कापला गेला. ही पद्धत सोडून द्यायचं ठरायला २०२३ उजाडावं लागलं. भाषेवर थेट बंदी न घालताही शाळा कशी खंगवता येते, याचं हे दुसरं उदाहरण.

लाजामानूसारख्या वार्लपिरी गावांनीही हार मानली नाही. तनामी वाळवंटातल्या सोन्याच्या खाणीच्या स्वामित्वधनातून वार्लपिरी लोकांनी २००५ मध्ये शिक्षणासाठी एक न्यास उभा केला होता. भाषेची पुस्तकं, शिक्षकांच्या कार्यशाळा, वडीलधाऱ्यांबरोबरच्या रानातल्या सहली यांना त्यातून पैसे मिळत राहिले. पैसा स्वतःचा असेल तर सरकारचं धोरण फिरलं तरी काम अगदीच बुडत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सरकारकडून सुरुवात करतो. पहिल्याच परीक्षेच्या निकालावर पाच महिन्यांत भाषाधोरण फिरवायला नको होतं. याच मुलांना पाचवीत आणि सातवीत पुन्हा तपासायचं, पायऱ्यांचा कार्यक्रम पूर्ण झालेल्यांना वेगळं मोजायचं, कानांची तपासणी करायची, वर्गांत आवाज वाढवणारी यंत्रं बसवायची, आणि सगळ्यात आधी त्या नऊ गावांत जाऊन बसायचं. यातलं काहीच अवघड नव्हतं.

शाळांच्या बाजूनेही एक मोठी उणीव राहिली. मूल स्वतःच्या भाषेत किती वाचतं याचं वर्षानुवर्षांचं, बाहेरच्याला वाचता येईल असं मोजमाप त्यांच्याकडे पुरेसं नव्हतं. शिक्षकांना माहीत होतं, आयांना माहीत होतं, पण मंत्र्याच्या टेबलावर एकच तक्ता होता आणि तो इंग्रजीचा होता. आपल्याकडे जे कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या मुलांबरोबर काम करतात त्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावं असं मी आग्रहाने सांगेन. मुलाचं घरच्या भाषेतलं वाचन, सांगणं, लिहिणं दर वर्षी नोंदवा, तारखेसह ठेवा, आणि कुणी मागायच्या आधीच दाखवा.

स्वतंत्र शाळेची वाट यिर्कलाने घेतली नाही हे तेव्हा बरोबरच होतं. पण पश्चिम अर्न्हेम लँडमध्ये काबुलवार्नाम्यो इथे वस्तीतल्या लोकांनी २०१५ मध्ये आपली शाळा काढली आणि नंतर तिची स्वतंत्र नोंदणी करून घेतली, तेव्हा तिच्या पाठीशी जंगल राखणाऱ्या रेंजरांची भक्कम संस्था होती. २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या कॉफ्स हार्बरला गुंबायंगीर भाषेची स्वतंत्र शाळा उघडली. म्हणजे बाहेर पडता येतं. त्यासाठी शाळेच्या आधी गावाची दुसरी एखादी संस्था उभी असावी लागते.

एक फरक मला सारखा जाणवतो. मेलबर्न-सिडनीत मराठी घरांतली मुलं शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जातात आणि ते चांगलंच आहे. त्यांच्यातल्या एखाद्याने मराठी सोडली तर त्या घराचं नुकसान होतं, मराठीचं होत नाही. तिला इथे कोट्यवधी माणसं आहेत. धुवाया किंवा गुमाचला दुसरा गाव नाही. त्या भाषांत वर्ग चालायचा तो याच किनाऱ्यावर.

आता यिर्कलाचा सगळ्यात निकडीचा प्रश्न शिक्षकांचाच आहे. ऐंशीच्या दशकात गावात राहून पदवी घेतलेली पिढी निवृत्त झाली आहे. तो मार्ग नंतर आकसत गेला, प्रशिक्षण शहरांकडे सरकलं, आणि पोरांना घरी ठेवून महिनोन्‌महिने डार्विनला राहणं तरुण बायांना परवडत नाही. पुन्हा गावातच, कामावर असताना, स्वतःच्या वर्गात शिक्षक घडवायची सोय हवी आहे. त्यासाठी नवा शोध लावायला नको. एकदा तसं करून झालेलं आहे, आणि कसं केलं हे सांगणाऱ्या बाया अजून गावात आहेत.